हाली की कलदार?

परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी येथील बाजारात दोन प्रकारचे रुपये चालत. एक निजामाचा हाली रुपया आणि दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. नाव दोघांचेही रुपयाच. मोल मात्र निराळे. ७ हाली रुपये मोजले म्हणजे ६ कलदार मिळत. त्यामुळे कापसाचा सौदा करताना नुसता आकडा सांगून भागत नसे. "रुपये कोणते, हाली की कलदार?" असे आधी विचारावे लागे. कलदार समजून १०० हाली पदरात घेणाऱ्याचे १४ कलदारांहून अधिक नुकसान होई.

हाली रुपया केव्हाच बंद झाला. पण अगदी तसाच घोटाळा इंटरनेटच्या व्यवहारात आजही होतो. तेथील दोन नाणी म्हणजे बिट आणि बाईट.

संगणकाला सर्व मजकूर ० आणि १ या दोनच अंकांत लिहावा लागतो. असा एक अंक म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाईट होतो. तारेतून माहिती किती वेगाने वाहते, हे सांगताना बिट मोजण्याची रीत आहे. फाईल केवढी आहे, हे सांगताना मात्र बाईट मोजतात. दोन्हींच्या मागे 'किलो' आणि 'मेगा' हेच शब्द लागतात, आणि ऐकणारा फसतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. तेव्हा घरोघरी होती ती टेलिफोनची साधी तार. ती मनुष्याच्या आवाजासाठी घातलेली. तिच्यातून ० आणि १ जसेच्या तसे पाठविता येत नसत. म्हणून मॉडेम नावाचे यंत्र त्या अंकांचे ध्वनीत रूपांतर करी आणि पलीकडचे मॉडेम त्या ध्वनीचे पुन्हा अंक करी. जोडणी होताना जी चमत्कारिक किरकिर ऐकू येई, ती म्हणजे या दोन यंत्रांची परस्परांशी चाललेली बोलणीच होत.

आरंभीच्या मॉडेमांपैकी एका प्रकाराचा वेग सेकंदास ९,६०० बिट एवढा होता. आठाने भागले की १,२०० बाईट येतात. पण जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची आणि नंतर शेवटाची अशी एकेक खूण पाठवावी लागे. आठाचे दहा बिट होत. तेव्हा भागाकार दहाने करणेच योग्य. म्हणजे हाती ९६० अक्षरेच येत. पुढील मॉडेमांत या खुणा गळाल्या आणि वेग वाढत वाढत ५६ किलोबिटांवर, म्हणजे सेकंदास ७,००० बाईटांवर गेला.

डिजिटल लाइनचा हिशेब वेगळा आहे. टेलिफोन केंद्रात आवाजाचे एका सेकंदात ८,००० वेळा माप घेतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,००० बिट. डिजिटल लाइनवर हे सर्व बिट ग्राहकाच्या घरापर्यंत पोचतात. साध्या तारेवर गोंगाट फार. तेथे आठांपैकी फार तर सात बिट भरवशाने ओळखता येत. ५६ हा आकडा या सातांतून आला आहे. प्रत्यक्षात तोही क्वचितच पुरा मिळे.

आता असे समजा की, परभणीच्या कृषी विद्यापीठाची कापसावरील एक पुस्तिका गंगाखेडच्या शेतकऱ्याला संगणकावर उतरवून घ्यावयाची आहे. तिचा आकार ७०० किलोबाईट आहे. ५६ किलोबिटांचा मॉडेम आहे, म्हणून त्याने ७०० ला ५६ ने भागले, तर उत्तर साडेबारा सेकंद येईल. हे हाली रुपये कलदार म्हणून मोजण्यासारखे झाले! खरा वेळ १०० सेकंद. ६४ किलोबिटांच्या डिजिटल लाइनवर साडेसत्त्याऐंशी सेकंद, आणि अशा दोन लाइनी जोडल्या तर सुमारे ४४ सेकंद लागतील. ९,६०० च्या जुन्या मॉडेमवर दहाचा भागाकार धरला, तर १२ मिनिटांहून अधिक. टेलिफोनचा आकार वेळेवर पडे, त्यामुळे ही चूक खिशाला लागत असे.

आज जाहिरातीत १०० मेगाबिटांची जोडणी दिसते. तीवर १०० मेगाबाईटांची फाईल एका सेकंदात आली नाही, म्हणून लगेच कंपनीला दोष देऊ नये. तिला निदान आठ सेकंद लागणारच. आठाऐवजी ऐंशी लागले, तर तक्रार अवश्य करावी.

आपल्या लिपीविषयीही येथेच सांगितले पाहिजे. इंग्रजी अक्षराला एक बाईट पुरतो. पण आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात. 'परभणी' या शब्दात प, र, भ, ण आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे १५ बाईट, म्हणजेच १२० बिट होतात.