पूल मोजता येतो, फरक कसा मोजायचा?

शिवोली आणि चोपडे यांच्यामधली शापोरा नदी आमच्या पिढीने पुलावरूनच पाहिली. घरातल्या मोठ्यांना मात्र फेरीबोट आठवते. म्हापशाला जायचे तर धक्क्यावर ताटकळत उभे राहायचे, रात्री कुणी आजारी पडले तर देवाचे नाव घ्यायचे. मग पूल झाला. आता मला कुणी विचारले, ‘‘पुलाचा उपयोग झाला का रे?’’ तर मी पटकन ‘‘झाला की!’’ म्हणेन. पण पुढचा प्रश्न आला, ‘‘किती झाला? कुणाला झाला?’’ तर माझी पंचाईत होईल.

हा पूल काही परदेशी मदतीने झालेला नाही. तरीही त्याच्यापासून सुरुवात करतो, कारण एका देशाचे सरकार दुसऱ्या देशाला विकासासाठी पैसा देते तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. बांधलेली वस्तू दिसते, फोटोत येते, मोजता येते. तिच्यामुळे माणसांच्या जगण्यात पडलेला फरक फोटोत येत नाही. मूल्यमापन करणारे म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धरतात. पूल उभा राहिला, ही झाली निष्पत्ती. लोक दवाखान्यात लवकर पोचू लागले, हा झाला परिणाम. सरकारी अहवाल बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीवरच संपतात.

या विषयावरचे सगळ्यात बोलके उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेला आहे. १९५२ साली नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला. नॉर्वेच्या सरकारने दुसऱ्या देशाला विकासासाठी मदत देण्याची सुरुवात इथूनच झाली. जागा ठरली त्या वेळच्या त्रावणकोर-कोचीन राज्यातल्या क्विलॉनजवळची, म्हणजे आजच्या केरळातल्या कोल्लमजवळची, मच्छीमार गावे. हेतू कागदावर स्वच्छ लिहिलेला होता : मच्छीमारांचे उत्पन्न वाढवायचे, ताजी मासळी लोकांपर्यंत नीट पोचवायची, गावाचे आरोग्य आणि राहणीमान सुधारायचे. त्यासाठी आरोग्यकेंद्र, नळाचे पाणी, बर्फाचा कारखाना, बोटी बांधण्याची सोय असे बरेच काही झाले.

गोम होती ती बोटींमध्ये. किनाऱ्यावरच्या देशी होड्यांना इंजिन बसवायचा प्रयत्न फसला, म्हणून नवीन यांत्रिक बोटी आल्या. नवीन बोट महाग, तिला बंदर हवे, डिझेल हवे. मग ती घेणार कोण? ज्याच्या हातात भांडवल किंवा कर्ज मिळवण्याची ताकद आहे तोच. त्याच सुमारास गोठवलेल्या कोळंबीला (आपल्या सुंगटांना!) अमेरिका-जपानची बाजारपेठ मिळाली आणि बोटी ट्रॉलचे जाळे ओढू लागल्या. गावातल्या लोकांच्या ताटात मासळी वाढावी म्हणून निघालेला प्रकल्प परदेशी ताटात कोळंबी वाढू लागला. निर्यात वाढली, परकीय चलन आले, काही मच्छीमार चांगले श्रीमंतही झाले. उरलेल्यांच्या वाट्याला तोच समुद्र, पण त्यात जास्त जाळी.

आता सांगा, प्रकल्प यशस्वी की अयशस्वी? बोटी मोजल्या तर यशस्वी. निर्यात मोजली तर फारच यशस्वी. मूळ करारातला हेतू घेऊन बसलात तर कपाळाला आठ्या पडतील. आर्ने मार्टिन क्लाउसेन या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञाने या गावांचा अभ्यास करून १९६८ साली पुस्तक लिहिले. पुढे जॉन कुरियन यांनीही या प्रकल्पाचा हिशोब मांडला. एकच मदत, पण एका गावाने बोटी पटकन उचलल्या आणि शेजारच्या गावाला ते तितकेसे जमले नाही, हे अशा अभ्यासातून पुढे आले. ‘सरासरी उत्पन्न वाढले’ या एका वाक्याखाली किती माणसे झाकली जातात बघा. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे : आपल्या देशाच्या मदतीची अशी झडती त्याच देशातला माणूस घेतो!

१९६० च्या दशकात हा प्रकल्प कारवारलाही आला. गोव्यात ट्रॉलर वाढले ते मुख्यतः सरकारी अनुदानावर आणि कर्जावर, पण पुढची गोष्ट तीच. किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात मासळी येईना. मतान्ही साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने रापणकार रस्त्यावर आले आणि १९८० साली गोव्यात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. केरळातही त्याच वर्षी तसा कायदा आला. म्हणजे १९५२ च्या कराराचा परिणाम बघायचा तर १९५८ मध्ये बघून भागत नाही, निदान तीस वर्षे थांबावे लागते. इतके थांबायला कुठल्या अधिकाऱ्याला वेळ आहे? तोवर त्याची बदली झालेली असते.

आज हे काम जरा शिस्तीने होते. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या विकास मदत समितीने १९९१ मध्ये पाच कसोट्या घातल्या, २०१९ मध्ये त्यात सहावी आली. सोप्या भाषेत सांगायचे तर : गरज खरोखर होती का, इतर कामांशी मेळ बसतो का, ठरवले ते साधले का, पैसा आणि वेळ वाया गेला का, दूरवर काय बदलले, आणि देणारा निघून गेल्यावर ते टिकते का. शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. पंप देणगीतून येतो, पंपाचा ऑपरेटर येत नाही.

गोव्यातच बघा. २००७ साली जपानने जायका या संस्थेमार्फत गोव्याच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्पासाठी सुमारे २,२८० कोटी येनचे कर्ज दिले. हे कर्ज आहे, दान नव्हे. व्याज कमी, मुदत लांब, पण फेडायचे आपणच. साळावलीला १०० एमएलडी क्षमतेचे नवीन शुद्धीकरण केंद्र, मोठ्या जलवाहिन्या, मडगावात मलनिस्सारण अशी कामे त्यात होती. जायकाची पद्धत अशी की कामाआधीच अपेक्षा लिहून ठेवायच्या आणि काम संपल्यावर बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायच्या. बघा, उत्तरपत्रिका आधी, परीक्षा नंतर.

पण इथेही केंद्राची क्षमता ही निष्पत्ती. परिणाम बघायचा तर टोकाच्या घरात नळ किती तास चालतो ते विचारावे लागेल. मलवाहिनीचे तर आणखी कठीण. रस्त्यातून पाईप गेला तरी घरमालकाने जोडणी घेतली नाही तर सेप्टिक टँक तिथेच राहतो आणि घाण जमिनीत मुरत राहते. लोक जोडण्या घ्यायला पुढे येत नाहीत ही गोव्यातली जुनी तक्रार आहे. पाईपचे किलोमीटर जपानी पैशाने वाढतात, जोडणीसाठी आपल्याच माणसाने दार उघडावे लागते.

आणखी एक अडचण सांगतो, ती समजायला चोपडे बरे. समजा पुलामुळे जमिनीचे भाव किती वाढले ते शोधायचे आहे. पण मोरजीचे पर्यटन वाढत होतेच, आणि जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. मग वाढीतला कुठला वाटा पुलाचा, कुठला विमानतळाचा? पूल नसता तर काय झाले असते, हे कळायला पूल नसलेले दुसरे चोपडे हवे. ते मिळत नाही, म्हणून त्याच्यासारखे गाव शोधून तुलना करतात. औषध किंवा शिकवणी असेल तर चिठ्ठ्या टाकून काही गावांना आधी, काहींना नंतर देता येते. अशा प्रयोगांच्या कामासाठी २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळालेल्या तिघांमध्ये अभिजीत बॅनर्जी होते (त्यांची आई माहेरची पाटणकर, म्हणजे थोडे आपलेही). पण चिठ्ठी टाकून पूल बांधता येत नाही.

आणि आता आपले सरकारही देणाऱ्यांच्या रांगेत आहे. अफगाणिस्तानात हेरात प्रांतातले सलमा धरण भारताने बांधून दिले, ४२ मेगावॅटचे, २०१६ साली उद्‌घाटन झाले. पाच वर्षांनी तिथली राजवटच बदलली. धरण उभे आहे. पण त्याचे पाणी कुठल्या शेतात पोचते आणि वीज कुणाच्या घरात, हे तपासायला आज तिथे कोण जाणार?

परवा आजीला विचारले, पुलाने नुकसान कुणाचे झाले? ती लगेच म्हणाली, ‘‘फेरीच्या धक्क्यावर ज्यांचा धंदा होता, त्यांचे.’’ मी घातलेल्या गणितात ती माणसे नव्हतीच.