फडताळातील प्रसाधने

अंगाला आधी तेल चोळावे आणि मग डाळीच्या पिठाने ते काढावे, हा जो क्रम महाराष्ट्रातील घरांनी नरकचतुर्दशीच्या निमित्ताने का होईना आजवर सांभाळला आहे, त्यात त्वचेच्या निगेचे बहुतेक सारे शास्त्र सामावलेले आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. वाग्भटाने अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान ही कर्मे याच अनुक्रमाने सांगितली आहेत; म्हणजे त्याच्या दृष्टीने तेल आणि उटणे हा नित्याचा आचार होता, आणि आपण तो वर्षातून एका पहाटेपुरता, तोही थंडीत कुडकुडत उरकण्यापुरता, शिल्लक ठेवला आहे.

या क्रमाची कारणमीमांसा फार गहन नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर हा मृत पेशींचा असून त्याची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्शाइतकी असते. परंतु शरीरातील पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचा सारा बंदोबस्त याच थराच्या हवाली असतो. हा थर किंचित आम्ल असतो, त्याचा सामू 5 च्या आसपास राहतो. उलटपक्षी साबणाच्या वडीचा सामू 9 ते 10, म्हणजे स्पष्टच क्षारीय, आणि म्हणूनच साबण मळाबरोबर त्वचेची स्वाभाविक स्निग्धताही धुऊन नेतो व हिवाळ्यात अंग तडतडू लागते. तेल मात्र मळातील स्निग्धांश आपल्यात विरघळवून घेते आणि कोरड्या थराला मृदू करते. त्यावर चोळलेले मसुरीचे किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ जास्तीचे तेल शोषून घेते, त्याच्या कणांच्या सौम्य घर्षणाने सुटलेल्या मृत पेशी निघून जातात, आणि तरीही तेलाचा एक अगदी पातळ लेप अंगावर मागे राहतो. आश्विनाच्या अखेरीस पावसाळी दमटपणा सरून कोरडे वारे सुटू लागतात, त्या सुमारास हा विधी यावा, यात पूर्वजांचे ऋतुभान दिसते.

उटण्यासाठी सुगंधी द्रव्यांच्या दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागतात हे खरे, पण त्याचा पाया फडताळातील डब्यांतच असतो. मसुरीचे पीठ चार वाट्या, त्यात नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी आणि सुकलेल्या गुलाबपाकळ्या यांची वस्त्रगाळ पूड प्रत्येकी अर्धी वाटी, आणि आंबेहळद चार चमचे, एवढ्यावर घरापुरते उत्तम उटणे सिद्ध होते. वस्त्रगाळ हा शब्द येथे हौसेखातर घातलेला नाही. भरड पूड चेहऱ्यावर घासली की सूक्ष्म ओरखडे उठतात, आणि मीठ किंवा साखर यांनी तोंड घासण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिच्यावरचा आक्षेपही हाच.

हळदीची गोष्ट निराळी, कारण तिचा खटला साता समुद्रांपार चालला. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला बहाल झाले, तेव्हा मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली, जुने ग्रंथ व छापील निबंध पुराव्यादाखल रुजू केले, आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. या निकालाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्यातून सिद्ध झाले ते एवढेच की हे ज्ञान नवे नाही. हळद प्रत्येक त्वचारोगाचा परिहार करते, असा दाखला अमेरिकेच्या पेटंट कचेरीने दिलेला नाही, आणि हा भेद आपल्याकडील पुष्कळ उत्साही मंडळी सोयीस्करपणे विसरतात. हळदीतील कुर्क्युमिन हे पिवळे द्रव्य दाह कमी करते असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे; परंतु वजनाने ते हळदीत शेकडा दोन ते पाचच्या घरात असते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हळद सायीत किंवा तेलात कालवण्याची आजीबाईंची रीत या दृष्टीने सयुक्तिक ठरते. सायीचा लाभ स्वतंत्रच आहे: तिच्यातील स्निग्धांश त्वचेतील ओलावा टिकवून धरतो, आणि ती किंचित आंबट झालेली असली तर तिच्यातील लॅक्टिक आम्ल मृत पेशींचे बंध सैल करते. लावावयाची हळद मात्र सुटी पूड म्हणून घेऊ नये; मेटॅनिल यलोसारख्या रंगाची भेसळ पुडीत सहज खपते. हळकुंडे आणून घरी कुटावीत, आणि तीही फाजील चकचकीत नसावीत, कारण शिशाच्या विषारी क्रोमेटने हळकुंडांना झळाळी आणण्याचे प्रकार घडलेले आहेत. भौगोलिक मानांकन लाभलेली सांगलीची किंवा वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद ज्यांना मिळते, त्यांनी दूर जाण्याचे कारण नाही.

कोकण आणि गोवा यांच्या पदरात निसर्गाने जे टाकले आहे, त्याचे कौतुक देशावर पुरेसे झालेले नाही. आमसुले करताना उरलेल्या रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर जो तवंग येतो, तो थिजून भिरंडेल तयार होते. साध्या हवेत ते घट्ट राहते आणि शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळते, म्हणून टाचांच्या भेगांत भरले असता जागच्या जागी बसते व ओघळत नाही. ओठ फुटले असता हिवाळ्यात याहून स्वस्त आणि निर्धोक उपाय क्वचितच सापडेल. याच जातीचा दुसरा पदार्थ म्हणजे शतधौत घृत. तांब्याच्या परातीत साजूक तूप घेऊन ते पाण्याबरोबर फेसावे, पाणी ओतून टाकावे, पुन्हा नवे घ्यावे, असे शंभर वेळा केल्यावर तुपाचा वास व चिकटपणा जाऊन पांढरेशुभ्र, थंडगार मलम हाती येते. श्रम फार आहेत, हे कबूल. पण दाह होणाऱ्या रुक्ष त्वचेला त्याने लाभणारा निवांतपणा बाजारी मलमांत विरळा. मात्र ताज्या भाजण्यावर हे किंवा कोणतेही तूप लावू नये. तेथे वीस मिनिटे वाहते गार पाणी हाच पहिला उपचार.

बटाट्याच्या चकत्या, टोमॅटोचा गर, केळ्याचा लेप यांविषयी विस्ताराने लिहिण्याजोगे काही नाही; त्यांनी क्षणभर गार वाटते आणि अन्न वाया जाते. लिंबाची गोष्ट मात्र गंभीर आहे. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3 च्या दरम्यान, म्हणजे त्वचा सहज सोसेल त्यापेक्षा कितीतरी उग्र. त्यात लिंबाच्या सालीत, आणि काही प्रमाणात रसातही, फ्युरोकुमारिन वर्गाची जी द्रव्ये असतात, ती अंगावर असताना ऊन लागले की त्या जागी भाजल्यासारखे फोड येतात आणि मागाहून महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडतात. कोडावर उन्हासह वापरली जाणारी बावची याच वर्गातील द्रव्यांमुळे त्वचा काळवंडवते, हे ठाऊक असलेल्या वैद्याने रंग उजळण्यासाठी लिंबू कधी सुचविले नसते. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, क्षारीय, म्हणून तोही वर्ज्य.

आणि रंग उजळण्याचा हा हव्यासच मुळात या साऱ्या घरगुती शास्त्राला बट्टा लावणारा आहे. स्वच्छ करणे, मऊ ठेवणे आणि ओल टिकविणे, एवढाच स्वयंपाकघराचा अख्त्यार. जन्मजात वर्ण बदलणे, वांग घालविणे, मुरुमे मुळापासून बरी करणे ही कामे त्याच्या कक्षेबाहेरची असून त्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे. ज्यांची त्वचा तेलकट आणि मुरुमाळ आहे, त्यांनी चेहऱ्याला खोबरेलसुद्धा जपूनच लावावे, कारण ते छिद्रे बुजवते. कोणताही नवा जिन्नस आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी. कोरडे उटणे बरणीत काही महिने राहते, पण ज्यात दूध, साय किंवा पाणी पडले ते त्याच वेळी संपवावे, आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी न ठेवता टाकून द्यावे.