बारावी झाली, नीट झाली. आता नाव कुठे घालायचे?

जूनच्या मध्यावर नीटचा निकाल लागतो आणि पुढचे तीन-चार महिने आमच्या घरी माणसांची ये-जा सुरू राहते. त्याच सुमारास वर्षावास लागतो. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन झाले, सरणत्तय झाले, की कुणीतरी आई हळूच पिशवी पुढे करते. पिशवीत बारावीची मार्कलिस्ट, नीटचे स्कोअरकार्ड, आधारकार्ड. "सिस्टर, पोरगी क्वालिफाय झाली. आता डॉक्टर होणार ना?"

गेल्या वर्षी असेच एक स्कोअरकार्ड आमच्या हातात आले. ७२० पैकी २१०. वडील नाक्यावर मिस्त्रीच्या हाताखाली काम करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी मराठी शाळेतून शिकलेली, क्लास अर्धवट सुटलेला. हे २१० गुण तिने एका खोलीत, टीव्हीच्या आवाजात मिळवले होते. त्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे. पण तिच्या आईला खरे सांगणे भाग होते.

क्वालिफाय होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. २०२५ साली अनुसूचित जातीसाठी पात्रतेची रेषा ११३ गुणांवर होती. त्या रेषेवर आले की प्रवेशाच्या रांगेत उभे राहता येते, एवढाच तिचा अर्थ. सरकारी एमबीबीएसची जागा त्याच्या कितीतरी वर थांबते आणि किती वर, हे दर वर्षी बदलते. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रवेशाच्या याद्या असतात. त्यात आपल्या प्रवर्गातला शेवटचा विद्यार्थी किती गुणांवर आत गेला ते बघावे. शेजारच्या काकांना किंवा क्लासवाल्यांना विचारून हे कळत नाही.

त्या मुलीच्या भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता. आधी बी.एस्सी. करायची, मग मेडिकलला जायचे, बी.एस्सी.चे गुण त्यात धरतात, असे त्याचे म्हणणे. ती पद्धत अमेरिकेची. तिथे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल कॉलेज. आपल्याकडे एमबीबीएसला बारावीनंतर थेट प्रवेश असतो, तोही नीटच्या गुणांवरच. बी.एस्सी.ला पहिला नंबर आला तरी नीटमध्ये एक गुण वाढत नाही. नर्सिंग करून किंवा बीएएमएस करून मधूनच एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, हाही वस्तीत फिरणारा गैरसमज आहे. असा मागचा दरवाजा कुठेच नाही. कुणी उघडून देतो म्हणाला तर त्याचा हेतू तुमच्या पैशावर आहे, हे ओळखा.

मग बारावीनंतर नाव कुठे घालायचे? याचे उत्तर मुलगी काय ठरवते यावर आहे. नीट पुन्हा द्यायची असेल तर उत्तर एक, नसेल तर दुसरे. आमच्या पाहण्यात जास्त नुकसान होते ते हे न ठरवल्यामुळे.

नीट पुन्हा द्यायची असेल तर घराजवळच्या कॉलेजात साध्या बी.एस्सी.ला नाव घालावे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय घेतले तर नीटच्या अभ्यासाशी थोडी तरी सांगड राहते. हा प्रवेश बारावीच्या निकालानंतर लगेच घ्यायचा. नीटच्या फेऱ्या संपेपर्यंत थांबले तर बी.एस्सी.ही हातची जाते. नुसते घरी बसून ड्रॉप घेण्यालाही आमचा सरसकट विरोध नाही. पण वस्तीत मुलीने घरी बसणे म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. पाणी भरायला ती, धाकट्या भावंडांना ती, पाहुणे आले की चहाला ती. आणि दिवाळीनंतर कुणी मामा स्थळ घेऊन येतो. कॉलेजात नाव असले की तिला घराबाहेर पडायला कारण मिळते, ग्रंथालयाची खुर्ची मिळते.

नीटला वयाची वरची मर्यादा आता नाही, किती वेळा द्यावी याचीही नाही. तरी आम्ही एकदाच पुन्हा द्या म्हणतो. तिसऱ्यांदा द्यायची तर बी.एस्सी.चे वर्ष न सोडता द्यावी. हे आमचे मत आहे, नियम नाही. एक सावधगिरी मात्र हवी. बी.एस्सी. पूर्ण करून मग दुसऱ्या पदवीला गेले तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पुन्हा मिळेल असे धरून चालू नये. एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याच टप्प्याच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला ती साधारणपणे नाकारतात.

डॉक्टरकीचा नाद सोडून आरोग्य क्षेत्रातच राहायचे असेल तर वाटा बऱ्याच आहेत. बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचा बीपीटीएच यांचे प्रवेश महाराष्ट्रात नीटच्या गुणांवरच होतात. एमबीबीएसपेक्षा खालच्या गुणांवर तिथे नंबर लागू शकतो. पहिले दोन साडेचार वर्षांचे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. बीपीटीएच चार वर्षे आणि वर इंटर्नशिप. औषधनिर्माणशास्त्राच्या बी.फार्म.ला एमएचटी-सीईटी लागते.

नर्सिंगबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण ते आमचे स्वतःचे घर आहे. आम्ही जीएनएम केले, तीन वर्षांचा डिप्लोमा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे आहे आणि आता मुलीला जमत असेल तर आम्ही तेच करायला सांगतो. सरकारी भरती, एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा, पुढे एम.एस्सी., शिकवण्याची नोकरी, सगळीकडे पदवी कामाला येते. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही बी.एस्सी. नर्सिंगवाल्या मुली काम करतात. गावात डॉक्टर यायच्या आधी लोक त्यांच्यापुढेच बसतात.

पण नर्सिंगला नाव घालून नीटची तयारी करू, हा विचार कुणी करू नये. थिअरीला ८० टक्के हजेरी लागते, वॉर्डातल्या ड्युटीचे तर सगळे तास भरून द्यावे लागतात. सकाळची पाळी करून आलेली मुलगी रात्री फिजिक्स काय करणार? शिवाय अर्ध्यातून सोडली तर फीचा आणि कागदपत्रांचा घोळ होतो, आणि जी जागा तिने अडवली ती आपल्याच एखाद्या मुलीची होती.

दुसरी गोष्ट, नर्सिंगची सीईटी वेगळी असते. तिचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच निघतात. वर सांगितलेल्या मुलीने तो फॉर्म भरलाच नव्हता. क्लासमध्ये सांगितले होते म्हणे, फक्त नीटवर लक्ष द्या. जूनमध्ये आमच्याकडे आली तेव्हा ते दार बंद झाले होते.

आता या पानावर पूर्वीही लिहिलेली एक गोष्ट पुन्हा लिहितो. मेडिकल स्टोअरच्या माळ्यावर, दोन खोल्यांत चालणारा 'नर्सिंग कोर्स'. एक वर्षाचा, कधी सहा महिन्यांचा. पांढरा गणवेश देतात, फोटो काढतात, शेवटी सोनेरी किनारीचे सर्टिफिकेट. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या एका मुलीच्या आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले. मुलगी भरतीचा फॉर्म भरायला बसली तेव्हा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला गेला. तो नव्हता, आणि कधी मिळणारही नव्हता. आज ती एका खासगी दवाखान्यात आयाचे काम करते आणि तिला सिस्टर म्हणतात. पगार आयाचा. नाव घालण्याआधी कौन्सिलच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या संस्थेचे नाव शोधा. लॅबच्या डीएमएलटीला आणि इतर पॅरामेडिकल कोर्सनाही हीच चौकशी करा.

परदेशात एमबीबीएस करून देणारे एजंटही वस्तीपर्यंत आले आहेत. तिकडे जायलाही नीट पात्र असावेच लागते आणि परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. अलीकडे ती देणाऱ्यांत चार-पाच जणांतून एखादाच पास होतो. घर गहाण टाकण्याआधी हे ऐकून ठेवा.

आता कागद. गुण असून प्रवेश हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत, ती कागदापायी. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. कधी अर्जाच्या पावतीवर मुदत देतात, कधी देत नाहीत. त्या भरवशावर राहू नये. अकरावीला गेल्या गेल्या अर्ज करावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि तिथेच आपली माणसे अडतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत, मग शाळेचा दाखला कुठून आणायचा? अशा वेळी गावी जाऊन तहसीलमधून जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीची, कोतवाल बुकाची नक्कल काढावी. महार वतनाच्या जमिनीची नोंद असेल तर तीही. ज्या वतनाने आपल्या पूर्वजांना राबवले, त्याचा कागद आज नातीच्या कामी येतो. वडिलांकडे किंवा सख्ख्या चुलत्याकडे आधीच वैधता असेल तर काम बरेच सोपे होते. मुंबई-पुण्यात दोन पिढ्या गेल्या तरी दाखला आणि वैधता मूळ जिल्ह्यातूनच काढायची, हे लक्षात असू द्या. देशपातळीवरच्या १५ टक्के कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा लागतो. त्यावर मूळ जातीचे नाव असते. धर्म बौद्ध लिहिला म्हणून हक्क जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने तो केंद्रातही मिळाला आहे.

पैशाचे थोडक्यात. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, त्यावर असेल तर फ्रीशिपचा. हे सरकारी प्रवेशफेरीतून गेलेल्यांना मिळते. मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात तर मिळत नाही. अभिमत विद्यापीठात जातीचे आरक्षणच नसते. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. कॉलेजच्या खिडकीवर पूर्ण फी आधी भरा म्हणाले तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर आवाज खाली येतो.

ती २१० गुणांची मुलगी आता जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. सूक्ष्मजीवशास्त्र घेतले. तिचे वडील दोनदा रजा टाकून गावी गेले. पहिल्या खेपेला रेकॉर्डरूमचा माणूस भेटला नाही, दुसऱ्या खेपेला पणजोबांची नोंद सापडली, मोडी लिपीत. ती वाचून घेतली आणि वैधतेचा अर्ज दाखल झाला. या वर्षी तिने नीट आणि नर्सिंगची सीईटी, दोन्ही फॉर्म भरले. नीटचा निकाल लागला त्या रात्री तिच्या आईचा आम्हाला फोन आला. गुण सांगायच्या आधी तिने विचारले, "सिस्टर, वैधता आली का हो?"