स्थलांतरितांची कहाणी, त्यांच्याच मुखातून

दसरा-दिवाळीचा सुमार आला की बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे कृष्णा-वारणेच्या काठी उतरू लागतात. साखर कारखान्यांच्या परिसरात आणि उसाच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. दुसरीकडे, सातारा-सांगली जिल्ह्यांतील माण, खटाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आली आहेत. कोणी मुंबईच्या गिरण्यांत राबले, तर कोणी सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगले. माणसे पाठविणारा आणि माणसे सामावून घेणारा असा हा प्रदेश आहे.

स्थलांतरितांची संख्या जनगणनेत मिळते. त्यांच्या गरजा अहवालांत नोंदल्या जातात. परंतु गाव सोडताना बारा वर्षांच्या मुलाने मागे काय ठेवले, नव्या गावात त्याला कोणत्या नावाने हाक मारली गेली, हे कोणत्याही तक्त्यात मावत नाही. ते सांगण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे रंगभूमी होय.

दस्तऐवजी नाट्य

कल्पित कथेऐवजी प्रत्यक्ष घटना, कागदपत्रे व साक्षी यांवर उभारलेल्या नाटकास दस्तऐवजी नाट्य म्हणतात. जर्मनीत एर्विन पिस्काटर यांनी १९२५ च्या सुमारास त्याचा पाया घातला. अमेरिकेत १९३५ ते १९३९ या काळात सरकारी साहाय्याने ‘जिवंत वृत्तपत्र’ हा नाट्यप्रकार चालविण्यात आला. शेती, घरे, बेकारी हे त्याचे विषय होते. पुढे या प्रकाराने आणखी एक पाऊल टाकले. ज्याची कहाणी, तोच रंगमंचावर आला. न्यूयॉर्क येथे पिंग चाँग यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगमालेत निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे अर्धवर्तुळात बसून आपापल्या आयुष्याची हकीकत सांगतात. ते नट नसतात. त्यांच्याच मुलाखतींतून संहिता तयार होते.

वाटेगावचा मुलगा

आपल्याकडे या विचाराची मुळे फार दूर शोधावी लागत नाहीत. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शाळेशी अण्णा भाऊंचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. कोवळ्या वयात ते आईवडिलांबरोबर पायी मुंबईस निघाले. तेथे त्यांनी हमाली केली, फेरीवाल्याबरोबर ओझी वाहिली, गिरणीत काम केले आणि कामगारवस्तीत राहून अक्षरओळख करून घेतली.

१९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊंनी तमाशाचा परिचित साचा घेतला, परंतु गणातील देवतास्तवनाऐवजी मातृभूमी, श्रमिक व हुतात्मे यांना वंदन केले आणि गवळण वगळली. वगात सावकार, शेठजी, निवडणूक आणि कामगाराची चाळ आली. ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात हे शहर कोणाचे, हा प्रश्न त्यांनी मांडला. ‘माझी मैना’ या रचनेत गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेला कामगार बोलतो आणि पुढे तीच ताटातूट संयुक्त महाराष्ट्रातून वगळलेल्या भागांची होते.

काटेकोर अर्थाने हे दस्तऐवजी नाट्य नव्हे. पात्रे कल्पित असत. तथापि सांगणारा स्वतः स्थलांतरित होता आणि समोरचा श्रोताही बव्हंशी गाव सोडून आलेला होता. त्यामुळे कामगारवस्तीतील प्रेक्षकाला आपलीच हकीकत ऐकल्याचा प्रत्यय येई.

नाट्यपंढरीतील नवा प्रयोग

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्या सांगलीत अलीकडच्या काळात असाच एक धीट प्रयत्न झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ मध्ये स्थापन झाली. सीमेपलीकडील कर्नाटकातून आलेल्या स्त्रियाही तीत आहेत. परिषदेच्या सदस्यांनी आपल्या जीवनावरील नाटक स्वतःच रंगमंचावर आणले. ज्यांच्याविषयी नेहमी इतरच बोलत, त्या स्वतः बोलू लागल्या, हे त्याचे खरे महत्त्व आहे.

शाळेत काय करता येईल?

ऊसतोड कुटुंबांतील मुलांसाठी हाच मार्ग शाळेत अवलंबिता येईल. त्यास पडदे वा वेशभूषा लागत नाही. प्रथम मुलांनी एकमेकांना प्रवासाच्या, कोपीच्या, बैलगाडीच्या गोष्टी सांगाव्यात. शिक्षकांनी त्या मुलांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात, वाचून दाखवाव्यात व मुलांनी दुरुस्त कराव्यात. मग पाच-सहा प्रसंग निवडून स्थानिक मुलांच्या साथीने सादर करावेत.

यात काही पथ्ये मात्र अवश्य पाळावी लागतील. मुलाची व पालकांची संमती हवी. जे सांगावयाचे नाही, ते न सांगण्याची मुभा हवी. कोणाचे दुःख टाळ्यांसाठी वापरले जाऊ नये. कर्ज, उचल, मारहाण असे विषय निघाल्यास मुलाचे नाव झाकावे आणि प्रयोगानंतर त्याची विचारपूस करावी.

प्रयोग पाहावयास ग्रामपंचायतीचे सदस्य, मुकादम व पालक यांनी यावे. शिक्षण हक्क कायदा २००९ अन्वये अशा मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणास्तव तो नाकारता येत नाही. एखाद्या मुलीने रंगमंचावर उभे राहून ‘माझी शाळा दर वर्षी दिवाळीत सुटते’ असे सांगितले, तर त्या कलमांमागील निकड उपस्थितांच्या सहज ध्यानी येईल.

वाटेगावच्या मुलाला शाळेने दीड दिवसात गमावले. आज फडावरच्या कोपीत वाढणाऱ्या मुलाला गावाच्या शाळेने तसे गमावू नये. त्यासाठी त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकून घेणे, ही पहिली पायरी ठरेल.