धर्मचक्राचे आरे आणि अभिधर्मकोश

बौद्ध शिल्पांतील चक्राचे आरे मोजावे आणि आठ भरले कीं अष्टांगिक मार्ग म्हणून मोकळें व्हावें, अशी वहिवाट आपल्याकडे पडली आहे. परंतु सारनाथच्या अशोककालीन स्तंभशीर्षावरील पट्टींत जीं चक्रें कोरलीं आहेत, त्यांस चोवीस आरे आहेत. मग तेथें मार्गाचा संबंध नाहीं काय? या प्रश्नाचें उत्तर वसुबंधूच्या अभिधर्मकोशांत सांपडतें. आणि त्या ग्रंथाचा आमच्या अहमदनगरशीं (आतांच्या अहिल्यानगरशीं) एक ऋणानुबंध आहे.

१९४२ च्या ऑगस्टांत काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरच्या किल्ल्यांत स्थानबद्ध झाले, त्यांत आचार्य नरेन्द्र देव होते. नेहरूंनीं तेथें ग्रंथ लिहिला हें सर्वश्रुत आहे. नरेन्द्र देव तेथेंच अभिधर्मकोशाचें हिंदी भाषांतर करीत होते, हें थोड्यांस ठाऊक. भाषांतर पूसें या बेल्जियन पंडिताच्या फ्रेंच ग्रंथावरून (१९२३–३१). संस्कृत ग्रंथ फ्रेंचांतून परत आणावा लागावा, यासारखें दुर्दैव तें कोणतें! मूळ भाष्य भारतांत नष्ट झालें होतें; चिनी व तिबेटी भाषांतरें आणि नेपाळांत टिकलेली यशोमित्राची टीका एवढेंच साधन हातीं होतें. पुढें राहुल सांकृत्यायनांस तिबेटांतील ङोर मठांत पोथ्या आढळल्या. त्यांच्या छायाचित्रांवरून वा. वि. गोखले यांनीं १९४६ सालीं कारिका प्रसिद्ध केल्या. भाष्य प्रह्लाद प्रधानांनीं १९६७ सालीं पाटण्यास छापिलें. नरेन्द्र देव १९५६ सालींच निवर्तले होते.

आतां चक्राकडे वळूं. वसुबंधूच्या मतें धर्मचक्र म्हणजे दर्शनमार्ग, अर्थात् दुःख, समुदय, निरोध व मार्ग या चार सत्यांचें प्रथम साक्षात् दर्शन. तें चाकाप्रमाणें शीघ्र चालतें, एक स्थान सोडून दुसरें धरितें, न जिंकलेलें जिंकितें व जिंकलेलें स्थिर करितें. याच ठिकाणीं भदंत घोषकाचें मत दिलें आहे, तें शिल्पाभ्यासकांनीं अवश्य पाहावें. सम्यक् दृष्टि, संकल्प, व्यायाम आणि स्मृति हे आरे. वाणी, कर्मान्त आणि आजीव ही नाभि, म्हणजे आपल्या गाडीवानाच्या बोलींतला तुंबा. आणि समाधि ही नेमि, म्हणजे बाहेरचा घेर. शीलाचीं तिन्हीं अंगें मध्यभागीं आहेत, हें लक्षांत घ्यावें. आऱ्यांनीं टेकावयाचें तें त्यांवरच, आणि समाधीचा घेर सर्वांस एकत्र आवळून धरितो.

म्हणजे आठ अंगें म्हणून आठ आरे हें समीकरण निदान या परंपरेंत नाहीं. आठ अंगें मिळून अवघें चाक होतें. चक्राच्या दोहों बाजूंस मृग असल्यास मृगदावांतील प्रथम उपदेश अभिप्रेत आहे, हें मात्र निर्विवाद.

एक सावधगिरी बाळगावी. वसुबंधु हा अशोकानंतर कित्येक शतकांनीं झालेला व घोषक सर्वास्तिवादी आचार्य. यास्तव त्यांच्या वचनावरून सारनाथच्या शिल्प्याचा हेतु ठरवितां येत नाहीं.