आगगाडी खाटेखाली गेली

घरात आगगाडी ठेवायलाही जागा लागते, हे लग्नाआधी मला कोणी सांगितले नव्हते. 'मुलाला रेल्वेची आवड आहे' एवढेच कानावर आले होते. मी म्हटले, बरे झाले, प्रवास तरी घडेल! सासरी येऊन पाहते तो आतल्या खोलीत आठ फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी, आणि तिच्यावर रूळ, फलाट, टेकडी, बोगदा. तेरा वर्षे त्या फळीला वळसा घालून मी कपाट उघडत आले.

गेल्या वर्षी सासूबाई गावी अंगणात पडल्या. खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्यांनी कायमचे आमच्याकडे यायचे ठरले. आमच्या खोल्या दोन, तिसरे स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मुलीचा अभ्यास. मग खाट कुठे? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारलाच नाही. एका रात्री हे म्हणाले, "विकून टाकतो सगळं." आणि इंजिनांवरची धूळ पुसत बसले. खोटे कशाला सांगू, मैत्रिणींनो, आधी मला आनंदच झाला. मग त्यांची वाकलेली पाठ दिसली. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास त्या फळीपाशी काढला की हा माणूस पुन्हा माणसात येतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक!

मी विचारले, "अहो, याहून लहान गाड्या मिळत नाहीत का?"

"मिळतात. पण त्यात मजा नाही," हे म्हणाले. त्यांनी त्या कधी चालवून पाहिल्या नव्हत्या, हे नंतर कळले.

आमच्या गाड्या एचओ मापाच्या होत्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या 87व्या हिश्शाच्या. पुण्यात 1998 साली सुरू झालेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात हेच माप आहे. त्याहून लहान ते एन, 160वा हिस्सा. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. नकाशाचे प्रमाण शिकवताना मुले दरवर्षी इथेच अडतात : आकडा मोठा, मग चित्र लहान कसे? आपला आयसीएफचा नेहमीचा डबा साधारण 21.3 मीटर लांब असतो. तो एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर भरतो आणि एनमध्ये सव्वातेरा. लांबी जवळजवळ निम्मी, रुंदीही निम्मी. म्हणजे जागा तिपटीहून अधिक वाचली! हा हिशेब मी भाजीच्या यादीमागे करून यांच्यापुढे ठेवला.

यांनाही वाचायला निमित्त मिळाले. सुरुवातीच्या त्या जर्मन खेळण्यांतल्या एका मापाच्या रुळांमध्ये 45 मिलिमीटर अंतर असे. पुढे 32चे 'ओ' माप आले, मग त्याच्या निम्मे साडेसोळाचे एचओ. त्यातला 'एच' म्हणजे 'हाफ'च. 1960च्या दशकात 9 मिलिमीटरचे एन आले आणि 1972 साली साडेसहाचे झेड. लोकांचे दिवाणखाने आक्रसत गेले तशी गाडीही आक्रसत गेली, असे आपले माझे मत. जपानी घरांत तर एनचाच जोर आहे.

शेवटी चार फूट बाय दोन फुटांची फळी घेतली. नव्या वळणाची त्रिज्या 25 सेंटिमीटर, म्हणजे अख्खा गोल दोन फुटांत बसतो. फळीला खालून चाके लावली आणि ती सासूबाईंच्या खाटेखाली सरकवली. टेकडी किती उंच करायची ते खाटेनेच ठरवले. जुने रूळ, डबे, घरे यांतले काही उपयोगी पडले नाही. वीज देणारा कंट्रोलर मात्र चालला, कारण दोन्ही गाड्या 12 व्होल्टच्या. झाडेही चालली! कालची आंब्याची झाडे आज वड झाली आहेत.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. एवढेसे डबे रुळांवर ठेवताना यांना चष्मा काढघाल करावी लागते. हलके इंजिन जरा कचरा आला की अडते. खाटेखाली तर गादीचा कापूस आणि आम्हा तिघींचे केस! चाकांच्या आसांना ते असे गुंडाळतात की चिमट्याने सोडवावे लागतात. सुती पांघरुणाचे तंतू सुटतात, म्हणून फळीवर मी जुनी नायलॉनची साडी घालते. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तलम फडके. त्यावर तेलाचा थेंब पडू देऊ नये, चाके घसरतात. ही बाटली ज्वालाग्राही असते. देवघरापासून आणि गॅसपासून दूर ठेवावी.

जुन्या गाड्या दोन शौकीन येऊन घेऊन गेले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. एक काळे वाफेचे इंजिन तेवढे मी आधीच साड्यांच्या कपाटात लपवून ठेवले होते. आता ते शोकेसमध्ये आहे. रूळ नाहीत, चालत नाही, पण आहे.

संध्याकाळी फळी बाहेर ओढली की सासूबाई कुशीवर वळून खाली पाहत राहतात. परवा हे फोनवर बोलत बसले होते, तर त्यांची हाक आली, "अरे, ती मालगाडी मघापासून फलाटाला उभी आहे. सोड की तिला!"