किब्लानुमाची सुई उलटते तेव्हा

प्रवासाच्या बॅगेत अनेकांच्या घरी छोटा किब्लानुमा असतो. काही जायनमाजांना तो जोडलेलाच मिळतो. हा किब्लानुमा स्पीकरला, मोबाइलच्या चुंबकी कव्हरला किंवा पर्सच्या चुंबकी बटणाला घट्ट टेकून राहिला, तर एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते. सुईचे उत्तर टोक दक्षिण दाखवू लागते. अशा सुईवर विसंबून महाराष्ट्रात कोणी नमाजला उभे राहिले, तर तोंड काबागृहाकडे, म्हणजे पश्चिमेकडे, न होता पूर्वेला होईल.

सुई बिघडली तर थोडी तिरकी का होत नाही, थेट उलटीच का होते? कारण लांबट, बारीक पोलादी सुईतल्या चुंबकत्वाला लांबीच्या रेषेतच राहणे सोयीचे असते. त्या रेषेवर दोनच बाजू, आणि दोन्ही त्याला सारख्याच सोयीच्या. मध्ये आडवे राहणे मात्र महागात पडते. दोन खळग्यांच्या मध्ये उंचवटा असावा, तसे.

इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातील स्टोनर आणि वोलफार्थ या दोघांनी 1948 मध्ये याचे गणित मांडले. त्यांनी एकच सूक्ष्म कण घेतला आणि त्याचे सारे चुंबकत्व एकजुटीने वळते असे धरले. बाहेरचे चुंबक जवळ आणत गेले की तो उंचवटा खचत जातो. तो नाहीसा झाला की चुंबकत्व एका झटक्यात पलीकडे पडते. यातली मजेची बाब अशी की बाहेरचा जोर अगदी समोरासमोर लावला तर सर्वांत जास्त लागतो, आणि त्या रेषेशी 45 अंशांनी तिरका लावला तर निम्म्यातच काम होते. रुतलेला खुंटा तिरका हलवला की सैल होतो, ते आठवावे.

किब्लानुमाची सुई मात्र एक कण नव्हे. तिच्यात चुंबकत्वाचे अनेक छोटे इलाखे असतात, त्यांच्या सीमा सरकतात, म्हणून ती हिशेबापेक्षा पुष्कळ कमी जोरात उलटते. हे गणित जास्त जवळून लागू पडते ते जुन्या तिलावतीच्या कॅसेटमधील लोह-ऑक्साइडच्या बारीक लांबट कणांना.

मोकळी फिरणारी सुई सहसा बिघडत नाही. चुंबक आले की ती स्वतःच वळते, गेले की परत येते. डबी दाबली जाऊन किंवा तिरकी पडून सुई अडकली, की धोका. तेव्हा तिला वळता येत नाही आणि वळते ते आतले चुंबकत्व.

तपासणी सोपी आहे. मगरिबच्या सुमारास मावळत्या सूर्याकडे तोंड करा. सुईचे उत्तर टोक उजव्या हाताला हवे. ऋतूनुसार सूर्य थोडा डावी-उजवीकडे मावळतो, पण उलटलेली सुई त्यातही लपत नाही. परक्या गावी जवळच्या मशिदीची मेहराब पाहून घ्यावी. मोबाइलमधील होकायंत्रात अशी सुई नसते, तरी चुंबकी कव्हर काढूनच ते वापरावे.